कसर

"…आणि चाचा, वाळवी लागली तर?"

"तर खाईल."

"दमट हवेनं बुरशी आली तर?"

"धरेल."

"आणि कसर?"

"कसर तर लागतेच. कागद तिथं कसर. चंदेरी किडा तो, अंधारात पोसतो." चाचांनी मान वर केली नाही. "अजून कशाकशाची भीती वाटते, ते एकदाच सांगून टाक. मला नमाजाला जायचंय."

हे सगळं मला ऐकू आलं, कारण माझं फ्रेमांचं दुकान आणि चाचांची खोली यांच्यामध्ये एकच फळ्यांची भिंत. मिरजेत त्या वेळी फोटोवाले पुष्कळ होते, पण निगेटिव्हवर पेन्सिल चालवणारा हात एकच, दस्तगीरचाचा मुलाण्यांचा. देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्याखालचं काळं… टोकदार पेन्सिलीनं सगळं बुजवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस दहा वर्षांनी लहान होऊन बाहेर यायचा.

प्रश्न विचारणारा सुधाकर कोष्टी. नदीकाठच्या धामणवाडीत त्याचा स्टुडिओ होता. उमेदवारी चाचांकडेच केलेली. मला हा माणूस मनापासून आवडायचा नाही, खोटं कशाला बोलू? मान ताठ, आणि तोंडात एकच वाक्य: "तेवीस वर्षांत माझी एक निगेटिव्ह हरवलेली नाही."

गेल्या साली श्रावणात महापूर आला. धामणवाडीत भिंतींवरचे फोटो, कपाटातले अल्बम, सगळं वाहून गेलं. मग लोकांना सुधाकरची आठवण झाली. त्यानं सगळ्यांच्या निगेटिव्ह एका लोखंडी पेटीत घालून माळ्यावर ठेवल्या होत्या. गणपतीत मंडळानं त्याला शाल-नारळ दिला. माईकवर तो म्हणाला, "तुमची माणसं माझ्याकडं सुखरूप आहेत."

त्यानंतर जो तो फोटो मागायला जायचा, त्याला एकच उत्तर मिळायचं. देतो. हवा कोरडी होऊ दे. देतो.

मी भिंतीला वळसा घालून चाचांच्या दारात जाऊन उभा राहिलो. सुधाकर पार उतरला होता. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकलेलं. जमिनीवर त्याच्यापासून हातभर अंतरावर एक म्हातारी बसली होती.

"ही कोण?" चाचांनी विचारलं.

"हौसाक्का. आमच्या गावची. तिला म्हटलं, पेटी मिरजेला नेतो, चाचांना विचारतो आणि मग फोटो देतो. तर टेंपोत चढूनच बसली."

"चढनार न्हाई तर काय करू?" म्हातारी म्हणाली. "वरीस झालं, 'देतो देतो' म्हनतोय."

"कुणाचा फोटो, अक्का?"

"शालनचा. माझ्या लेकीचा. तापात गेली, आठवीत हुती. भिंतीवर एकच फोटू हुता, भिंतीसकट गेला." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "चाचा, मला तिचं तोंड आठवंना झालंय. काल दिसभर डोळं मिटून बसले. केस आठवत्यात, फराक आठवतोय. तोंड येईना."

"म्हणूनच म्हणतो चाचा," सुधाकर घाईघाईनं बोलायला लागला, "मला पक्का उपाय सांगा. डांबरगोळ्या पहिल्यापासून घातल्यात. वेखंड घातलंय. पुरानंतर फटींना वरून मेण लावलंय. अजून काय करू, म्हणजे आतलं कायम टिकेल?"

"पेटी उघडून किती दिवस झाले?"

सुधाकरनं शर्टाचं चुकलेलं बटण चाचपलं.

"सुधाकरा. किती दिवस?"

"पुरानंतर… उघडली नाही."

"माळ्यावर पाणी आलं होतं?"

सुधाकर एकदम खाली बसला.

"अर्धा हात. पेटीच्या कडीपर्यंत. दोन दिवस होतं. मला भीती वाटते, चाचा. शपथ घेऊन सांगतो, रात्री झोप नाही. बंद आहे तोवर सगळी माणसं आत आहेत, असं मी म्हणू शकतो. उघडली आणि लगदा निघाला तर? मी गावाला काय सांगू? तेवीस वर्षं…"

हौसाक्का त्याच्याकडं बघत होती. पाण्याची गोष्ट तिलाही आजच कळली.

"पेटी आण," चाचा म्हणाले.

मी आणि सुधाकरनं मिळून टेंपोतून पेटी उतरवली. जड होती. वर झेंडूचा वाळका हार, त्याच्याखाली त्याहून वाळका, काळा पडलेला दुसरा हार. झाकणावर हळदकुंकवाचे थर.

"ही पूजा कसली?"

"खंडेनवमीची. वरचा हार यंदाचा, खालचा गेल्या वर्षीचा. धंद्याची पेटी, म्हणून…"

"उत्तरपूजा केलीस?"

सुधाकरनं नकारार्थी मान हलवली.

"मी मुलाणी माणूस," चाचा म्हणाले, "पण मी नोकरीला होतो त्या मालकांच्या स्टुडिओत तीस वर्षं खंडेनवमीची पूजा मी मांडली. कॅमेऱ्याला हार, फूल, गंध. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक त्यावर अक्षता टाकायचे आणि कॅमेरा जरा हलवायचे. मग लगेच एक फोटो काढायचे. मी एकदा विचारलं, हलवायचा कशाला? म्हणाले, नाही हलवला तर देव बसूनच राहतो, आणि मग धंदा आपण कशावर करायचा?"

ते उठले. आतल्या खोलीतून मूठभर तांदूळ घेऊन आले आणि सुधाकरच्या ओंजळीत ओतले.

निम्मे तांदूळ त्याच्या बोटांमधून जमिनीवर सांडले. उरलेले त्यानं पेटीवर टाकले. दोन्ही हातांनी पेटी बोटभर सरकवली. लोखंड फरशीवर करकरलं.

"किल्ली?"

किल्ली त्याच्या करगोट्याला होती. ती कुलपात जाईना. तीनदा घसरली.

"चाचा, तुम्ही उघडा."

"पेटी तुझी आहे."

मेण तुटलं. झाकण उघडलं. डांबरगोळ्यांचा उग्र भपकारा आला, त्याच्याखालून आंबलेला, जुन्या ओल्या गोधडीसारखा वास. उजेड पडताच चार-दोन कसरी पाकिटांवरून सरसर पळाल्या. हौसाक्कानं नाकाला पदर लावला, पण नजर हलवली नाही.

पाकिटांच्या विटा झाल्या होत्या. दहा-दहा, वीस-वीस निगेटिव्ह एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. सुधाकरनं एक गठ्ठा उचलला आणि नखानं सोडवायला गेला.

"नख लावू नकोस."

चाचांनी कोपऱ्यातला जुना इनॅमलचा ट्रे घेतला, फडक्यानं पुसला आणि माठातलं पाणी त्यात ओतायला लागले. सुधाकरनं त्यांचं मनगट धरलं. आजवर त्यानं चाचांच्या अंगाला असा हात कधी लावला नसेल.

"पाणी नको, चाचा. पाया पडतो. पाण्यानंच घात केलाय."

"फिल्म पहिल्यांदा कधी भिजते?"

"पुरात भिजली."

"पहिल्यांदा म्हणालो मी."

"धुताना. डेव्हलप करताना."

"कुणाच्या हातानं?"

"माझ्या."

"मग सोड मनगट."

गठ्ठा पाण्यात गेला. चाचा नमाजाला गेले. आम्ही तिघं त्या ट्रेकडं बघत बसलो. मला दुकानात गिऱ्हाईक होतं, पण पाय निघेना. मेल्या माणसाच्या उशाशी बसावं तसं वाटत होतं, फक्त माणूस मेलाय की नाही, हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.

चाचा परत आले तेव्हा गठ्ठ्याच्या कडा सैल झाल्या होत्या. "आता बोटानं. पाण्यातच. ओढू नकोस, सरकव."

पहिली निगेटिव्ह सुटली. कोरी. काचेसारखी स्वच्छ. तिच्यावरचं सगळं चित्र सुटून पाण्यात काळी साय होऊन तरंगत होतं.

"पाटलांच्या थोरल्याचं लग्न," सुधाकर पाकिटावरची शाई वाचत म्हणाला. "हे लग्न होतं, चाचा."

"होतं."

दुसरी कोरी. तिसरी कोरी. चौथीवर कुणाचे तरी दोन पाय राहिले होते, पायात नवे बूट. वरचा माणूस गेला होता. सुधाकर प्रत्येकाचं नाव घ्यायचा. कुंभारांची सून. शाळेचे हेडमास्तर. बारसं, मळ्यातलं. पाचव्या नावानंतर नावं घ्यायचं त्यानं सोडून दिलं आणि मुकाट रडायला लागला. हात मात्र पाण्यात होते.

दुसरा गठ्ठा. तिसरा. तिसऱ्यात मधल्या सात-आठ जणी नीट निघाल्या. त्या मी दोरीवर चिमट्यानं अडकवल्या. चौथ्या गठ्ठ्यातल्या पाकिटावर शाई फुटली होती, तरी वाचता येत होतं. शालन. गॅदरिंग.

सुधाकरनं ट्रेमधून हात बाहेर काढले.

"हे माझ्या हातून नको. चाचा, एवढं एक तुम्ही सोडवा. माझ्या हातून हिचं तोंड गेलं, तर मी हिला तोंड कसं दाखवू?"

चाचांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"भीती वाटते, चाचा."

"वाटू दे. हात पाण्यात ठेव."

हौसाक्का सरकत ट्रेजवळ आली. सुधाकरच्या कपाळावरचा घाम पाण्यात पडत होता. वरची एक सुटली, कोरी. तिच्याखालची सुटली, कोरी. हौसाक्काच्या तोंडून बारीक आवाज आला, कण्हल्यासारखा.

मग तिसरी सरकली. मोठ्या कॅमेऱ्याची, तळहाताच्या निम्म्या आकाराची. डावी कड बोटभर गेली होती. बाकी चित्र होतं.

सुधाकरनं ती उचलली आणि खिडकीपाशी दोरीला लावली. मग भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्यात काही उरलंच नव्हतं.

हौसाक्का उठून खिडकीपाशी गेली. बराच वेळ बघत राहिली.

"ही कोन म्हनायची?"

तिनं निगेटिव्ह जन्मात कधी बघितली नव्हती. काळं तोंड, पांढरी बुबुळं, पांढरेफेक केस.

"अक्का, निगेटिव्ह आहे ती," सुधाकर पुढं आला, "त्यात काळ्याचं पांढरं दिसतं, छापल्यावर…"

चाचांनी हात वर केला.

हौसाक्का आणखी जवळ गेली. खिडकीतला उजेड त्या छोट्या तुकड्यातून तिच्या तोंडावर पडला होता.

"नाक त्येच," ती म्हणाली. "व्हट त्येच… आगं बया. केस पिकल्यात की गं तुझं, शालन."

आणि तिनं अंगठ्यानं लेकीचा गाल पुसला.

ओल्या निगेटिव्हला बोट लावायचं नसतं, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. ओली असताना ती खरवसासारखी मऊ असते, लागेल तो ठसा कायमचा. सुधाकर झेपावला. पण चाचांनी त्याचं मनगट धरून ठेवलं होतं, मघाशी त्यानं त्यांचं धरलं होतं तसंच.

हौसाक्कानं पुन्हा एकदा गाल पुसला. मग कानशिलावर बोटं मोडली आणि दारात जाऊन बसली. मला वाटलं, रडेल. ती स्वतःशीच पुटपुटत होती. नाक त्येच. व्हट त्येच.

सुधाकरनं निगेटिव्ह उजेडाकडं धरली. गालावर अंगठ्याच्या रेषा उमटल्या होत्या, स्पष्ट, एकीत एक.

"बघा, चाचा. आता जितक्या वेळा छापीन, तितक्या वेळा हे येणार. वर्षभर रक्ताचं पाणी केलं, त्यातून एवढी एक वाचली, आणि तिच्यातही…" त्यानं चाचांच्या कानावरची पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली. "तुमच्या हाताला हे काहीच नाही. वाळली की बुजवून टाका."

चाचांनी पेन्सिल घेतली. टोक बघितलं. निगेटिव्ह बघितली. दारातल्या म्हातारीकडं बघितलं.

मग पेन्सिल परत कानावर ठेवली.

"राहू दे. एवढीच कसर राहिली होती तिच्यात."