दोन मोरांचं काजळ

एका नगरात काजळ करणारे दोन भाऊ राहतात, असं लोक म्हणत. खरं तर त्यातला एकच उरला होता. थोरला जाऊन दोन वर्षं होत आली होती. पण काजळाच्या डबीवरच्या शिक्क्यातले दोन मोर तसेच होते, समोरासमोर, चोचीला चोच लावून. ते थोरल्यानेच कोरून घेतले होते, एक आपला आणि एक धाकट्याचा.

त्या राज्याचा नियम साधा होता. दसऱ्याच्या आत प्रत्येक दुकानाने चावडीवर येऊन सांगायचं: दुकान कुठे आहे, चालवतं कोण, आणि काही विचारायचं झालं तर कुणाला विचारायचं. घरातल्या कुणीही सांगितलं तरी चाले. दोन दसरे जो कुणी आला नाही, त्याचं दुकान बुडालं असं धरत आणि त्याचा शिक्का मोकळा होई, मागेल त्याला मिळे.

थोरला होता तोवर तोच जायचा. तो गेल्यावर पहिला दसरा दुःखात निघून गेला. आता दुसरा आला होता.

धाकट्याच्या घरात नवी सून होती. बोलायची कमी, बघायची जास्त. एके दिवशी पाण्याला जाताना तिने पाहिलं, थोरल्याच्या कुलूपबंद घरापुढे चावडीचा शिपाई उभा होता. चावडीला तेवढंच दार ठाऊक होतं. "दोन मोरवाले, दसरा जवळ आला हो!" असं कुलपाला ओरडून सांगून तो आपलं काम झालं म्हणून निघून गेला.

सुनेने घरी येऊन सांगितलं.

सासू म्हणाली, "पाणी आणायला गेली होतीस की बातम्या? हंडा अर्धाच दिसतोय म्हणून विचारते."

सासरे दिव्यावर पालथं घातलेलं तांब्याचं ताट न्याहाळत बसले होते. ताटावर काजळी धरत होती. ते म्हणाले, "चावडीत गेलं की पहिला प्रश्न, विचारायचं कुणाला? म्हणजे दादा गेले, हे मी माझ्या तोंडाने सांगायचं."

"पण मामंजी, ते तर सगळ्या नगराला ठाऊक आहे."

"नगराला ठाऊक आहे. मी अजून म्हटलेलं नाही."

थोरल्याची पगडी अजून खुंटीवर होती आणि सासू रोज तिच्यावरची धूळ झटकत होती. नवरा म्हणाला, "बाबांना दुखवू नकोस गं. एवढं जुनं दुकान, कुणाला ठाऊक नाही?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सून डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली. चावडी चार गल्ल्यांवर होती. आतून सासूच्या बांगड्या वाजल्या. नव्या सुनेने न विचारता चावडी चढायची, लोक काय म्हणतील? ती मागे फिरली आणि डाळ निवडायला बसली. त्यात खडा एकही निघाला नाही, पण ती संध्याकाळपर्यंत निवडत राहिली.

दसरा गेला. आभाळ काही कोसळलं नाही. दिवा जळत होता, डब्या खपत होत्या. सासू दोनदा म्हणाली, "झालं का काही?"

व्हायचं ते चावडीवर झालं होतं. परगावचा एक माणूस आला, दोन मोरांचा शिक्का मोकळा आहे का म्हणून विचारता झाला आणि तो आपल्या नावावर करून गेला. दुकान कुठे, चालवतं कोण, विचारायचं कुणाला, सगळं त्याने नीट सांगितलं. नियमाचा मोठा पक्का माणूस. फक्त काजळ तेवढं तो चुन्याच्या भट्टीतल्या राखेचं करी.

एका सकाळी पाणवठ्यावरची एक मैत्रीण सुनेच्या दारात आली. कडेवर तिची तान्ही मुलगी होती. मुलीच्या पापण्या सुजून चिकटल्या होत्या.

"वहिनी, तुमचीच डबी ना गं ही? मोर बघूनच घेतली."

सासऱ्यांनी काजळ बोटावर घेतलं. ते कचकचलं. ते तसेच अनवाणी चावडीकडे धावले, मागोमाग सून.

"आमच्या शिक्क्याखाली कुणीतरी विष विकतोय! त्याला धरा!"

कारकून म्हणाला, "दोन मोर? ते पेठेतल्या नव्या दुकानाचे. तुमचे कसे?"

"माझ्या दादांनी कोरून घेतलेत ते!"

"कुठे आहेत दादा? बोलवा त्यांना."

सासऱ्यांचे ओठ हलले. "गेले," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली."

कारकून दुष्ट नव्हता. त्याने मान खाली घातली. "मग एवढंच तर विचारत होतो आम्ही. आता शिक्क्याची तक्रार तुम्हाला करता येत नाही. मुलीच्या आईला करता येईल. पाठवा तिला."

आई आली, शिपाई पेठेत गेले, तोवर नवं दुकान रिकामं झालं होतं. मुलीची नजर काही परत आली नाही. लोकांनी घराघरांतल्या डब्या उकिरड्यावर फेकल्या, खऱ्याही आणि खोट्याही. मोर सारखेच होते. कुणाला कसं कळणार?

सासऱ्यांनी त्या दिवशी पगडी खुंटीवरून काढली आणि दिवा विझवला. तो पुन्हा त्यांनी लावला नाही. पुढे सुनेने लावला. डबीवर शिक्का साधा घेतला, नुसती एक रेघ.

आता दर दसऱ्याआधी सून चावडीवर जाते. कुणाला विचारत नाही. वाटेत मैत्रिणीचं घर लागतं. ओट्यावर ती मुलगी बसलेली असते. बांगड्यांचा आवाज ओळखून तिकडे तोंड करते आणि हसते. सून तिथे दरवेळी थांबते, आणि मग उरलेल्या गल्ल्या भराभर चालते.

तात्पर्य: सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्टही जिथे सांगायची तिथे वेळेवर सांगावी लागते. आपण गप्प बसलो, तर आपल्या नावाने बोलायला भलताच कुणी येतो, आणि त्याचं भोगणं कुणा तिसऱ्याच्या वाट्याला येतं.