उसनी आरती

आम्ही मंडईतल्या भाजीवाल्या. गायक सर्जेराव देवकुळ्यांची अख्खी कॅसेट आम्ही आमच्या आवाजात रेकॉर्ड केली आणि गणपतीच्या मांडवात लावली.

नेमके पाहुणे म्हणून सर्जेरावच आले. माइकवर गरजले, "दुसऱ्याची उसनी गाणी गाता? बंद करा ते!" मंडळवाल्यांनी मुकाट बंद केलं.

मग सर्जेरावांनी आरतीचं ताट उचललं, तशी मी आडवी आले.

"दादा, ही आरती तुम्ही रचली?"

"छे! पूर्वापार आहे ती."

"पुढच्या साऱ्या आरत्यांत एक तरी तुमची?"

"नाही."

"मग उसनी कशाला? बाप्पाला स्वतःची ऐकवा की!"

अख्खा मांडव हसला. निरांजन विझायला आलं.

शेवटी सर्जेराव म्हणाले, "लावा बाई तुमची कॅसेट, पण मला आरती म्हणू द्या."

म्हटली त्यांनी. साथीला टाळ आमचेच होते.