गिरणीतल्या मांजरीची खाज

एका भाताच्या गिरणीत एक लांब केसांची मांजर होती. मुलांनो, उंदीर मारण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते, आणि केसांचा ताठा मिरवण्यातही नव्हते. ती एका म्हाताऱ्या बोक्याशेजारी गोणपाटावर झोपे. बोक्याला आता अंग चाटून स्वच्छ ठेवणे जमत नसे. त्याच्या अंगावरच्या उवा तिच्या अंगावर आल्या. केस राठ झाले, मानेवर केसांच्या गुठळ्या झाल्या. दबा धरून बसावे, तर नेमकी खाज सुटे. खर्र खर्र आवाज झाला की उंदीर पसार. "बाई खाजवतायत तोवर जेवून घ्या रे," ते एकमेकांना सांगत. शेवटी गिरणीची मालकीण म्हणाली, "पोती कुरतडली जातायत. आता दुसरी मांजर आणते."

मांजरीने खापर दारातल्या कुत्र्यावर फोडले. "तुझ्याच उवा मला लागल्या. पायरीखाली बस." कुत्रा उठून खाली गेला. छपरावरचा कावळा म्हणाला, "मावशी, मांजरांच्या उवा मांजरांपासूनच लागतात. कुत्र्याचं अंग त्यांना मानवत नाही. जा, मालकिणीला मान दाखव."

"तिने कात्री लावली तर?"

"मग केस सांभाळ. घर जाईल."

मांजर फणकाऱ्याने माळ्यावर जाऊन बसली. संध्याकाळी एक उंदीर चक्क तिच्या शेपटीवरून गेला. तेव्हा तिची रग जिरली. ती मालकिणीपुढे मान वाकवून बसली. "अगं, लिखाच लिखा! सांगायचं नाही होय?" मालकिणीने गुठळ्या कापल्या आणि जनावरांच्या डॉक्टरांकडून मांजराचे औषध आणून मानेवर लावले. मांजर गोणपाटाकडे निघाली, आणि थबकली. मग बोक्याला डोक्याने ढकलतच घेऊन आली. "मामा, तुम्हीही चला. नाहीतर आज गेलेल्या उवा उद्या परत येतील."

"माझं काय उरलंय कापायला?" बोका कुरकुरला, पण बसला. मालकिणीने त्यालाही औषध लावले आणि गोणपाट उकळत्या पाण्यात घातले. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दोघांना पुन्हा एकदा औषध लावले. खाज गेली. दुसऱ्या मांजरीचे नाव मालकिणीने पुन्हा काढले नाही.

"मावशी, भादरून आलीस का?" कावळ्याने विचारले. मांजरीच्या तोंडात उंदीर होता. तिने तो पायरीखाली कुत्र्यासमोर ठेवला.

"मी उंदीर खात नाही," कुत्रा म्हणाला.

"ठाऊक आहे. वर येऊन बस."

तात्पर्य : दुखणे झाकले की वाढते आणि दुसऱ्याच्या माथी मारले तरी जात नाही. ते वेळीच दाखवावे, आणि बरे होताना शेजाऱ्यालाही बरोबर न्यावे.