परडी रिकामी द्यायची नाही

एकदा एका शहरात चार गल्ल्यांच्या मधोमध एक मोकळी जागा होती. मोकळी म्हणायची ती नकाशावर. प्रत्यक्षात तिथे फुटक्या फरश्या, गाद्यांमधला कापूस, बांधकामाचा राडारोडा आणि आसपासच्या सर्वांचे 'एवढ्याशानं काय होतंय' हे तत्त्वज्ञान वर्षानुवर्षे साचत आले होते. त्याच वस्तीत एक वृद्ध गुरुजी राहत. आयुष्यभर त्यांनी शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवले होते आणि बोलणे मात्र बेताचेच ठेवले होते. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, आता पन्नाशीला टेकलेली, नोकरी सोडून त्या वस्तीत राहायला आली. एके सकाळी त्या ढिगाऱ्यासमोर उभी राहून तिने विचारले, "गुरुजी, इथं बाग होईल का हो?"

"बाग होईल," गुरुजी म्हणाले. "वस्तीची होईल का, ते बघू."

शिष्येने पहिले वाक्य ऐकले आणि कंबर कसली. दुसरे वाक्य तसेच हवेत राहिले. शिष्यांचे हे असेच असते, आणि गुरूंनाही ते ठाऊक असते.

पुढच्या दोन महिन्यांत त्या वस्तीने जे केले, त्याला मला विचाराल तर नमस्कारच करावा. रविवारी सकाळी चाळीस-चाळीस माणसे घमेली घेऊन उभी राहत. एका गवंड्याने फुटक्या फरश्यांचे तुकडे जुळवून अशी पायवाट घातली की चालताना माणूस खाली पाहत राही. शिवणकाम करणाऱ्या हनीफभाईंनी आपल्या अंगणातली मोगऱ्याची कलमे आणली. डिसोझाबाईंनी कण्हेर लावली. भिंतीवर बायकांनी गेरूवर पांढऱ्या रंगाने चित्रे काढली. ढिगारा उपसता उपसता कोपऱ्यात एक जुनी बकुळ निघाली. बिचारी कमरेपर्यंत राड्यात बुडूनही जिवंत होती. तिचे खोड मोकळे झाले तेव्हा एका म्हातारीने पदराने ते पुसले. 

पालिकेने परवानगी दिली ती दोन वर्षांपुरती आणि एका अटीवर. दोन वर्षांनी अधिकारी पाहणीला येतील. ही बाग साऱ्या वस्तीची आहे असे त्यांना दिसले, तर ती कायम राहील. चार हौशी माणसांचा खेळ आहे असे दिसले, तर तिथे वाहनतळ होईल.

झाडे लागली, फुले आली, आणि फुलांमागोमाग फुलचोर आले. आपल्याकडे एक विलक्षण समजूत आहे. अन्नाची चोरी हे पाप, वस्तूची चोरी हा गुन्हा, पण देवासाठी केलेली फुलाची चोरी ही चोरीच नव्हे! या मताचे खंदे पुरस्कर्ते म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर टिळेकरकाका. झुंजुमुंजू होताच एका हातात आकडी आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन ते निघत, फांदी ओढत आणि कळ्यांसकट जास्वंद घरी नेत. त्यांच्यासारखे आणखी दहाबारा होते.

शिष्या संतापली. तिने फाटकाला कुलूप लावले आणि बाग सकाळी फक्त एक तास उघडी ठेवली. 'फुले तोडू नयेत' अशा सात पाट्याही ठोकल्या. फुले वाचली. जास्वंदी लालभडक दिसू लागल्या. पाणी घालायला येणारी माणसे मात्र चाळिसांची वीस झाली, विसांची सहा झाली. काहीजण म्हणाले वेळ होत नाही, काहीजण काहीच म्हणाले नाहीत. शिष्येला वाटले, लोकांचा उत्साह असाच असतो, आरंभशूर मेले! ती एकटीच नळी ओढत राहिली.

पाहणीला एक महिना उरला असताना गुरुजी बुरूडआळीतून हातगाडीवर तीसेक परड्या घेऊन आले. बांबूच्या, ओंजळीएवढ्या, देवाची फुले ठेवतात तसल्या. त्यांनी शिष्येकडे हात पुढे केला.

"किल्ली दे."

कुलूप निघाले ते गुरुजींच्या खिशात गेले. मग रंगाचा डबा मागवून त्यांनी फाटकावरच्या पाटीखाली, आपल्या फळ्यावरच्या अक्षरात, एकच शब्द लिहिला. 'फुले तोडू नयेत' याच्या खाली आता होते, 'खुडावीत.' परड्या फाटकाला टांगून ते तिथेच उभे राहिले. थोड्या वेळाने टिळेकरकाका आकडीसह आले आणि गुरुजींना पाहून आकडी पाठीमागे लपवू लागले.

"या मास्तर," गुरुजी म्हणाले. "आकडी राहू द्या. ही परडी घ्या. फांदी ओढायची नाही, देठ नखानं असा खुडायचा. कळ्यांना हात नाही. बकुळीची मात्र पडलेली वेचायची."

"म्हणजे... नेऊ मी फुलं?" काका गोंधळले.

"न्या की. जास्वंद तशीही संध्याकाळी मिटणार. परडी तेवढी उद्या परत आणा."

शिष्येच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. "गुरुजी, चोरांना तुम्ही परड्या वाटताय? पाहणीला महिना राहिलाय! आणि उद्या या रिकाम्या परड्या घेऊन मी काय करू?"

"रिकामी कोण आणतंय, ते बघू," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टिळेकरकाका फाटकाशी येऊन घुटमळले. परडीवर केळीचे पान झाकलेले होते. "गुरुजी, हिनं रिकामी परडी देऊ दिली नाही हो. म्हणाली, कुणाची वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत नाही, आणि ही तर देवाची फुलं आणलेली. पण द्यावं काय, ते सुचेना. कालचं निर्माल्य आणलंय. कचऱ्यात टाकवत नाही, आणि नदीत टाकायचं तर तिची काय दशा आहे ते आपण बघतोच. चालेल का?"

गुरुजींनी दोन्ही हातांनी परडी घेतली आणि बकुळीजवळच्या खड्ड्यात निर्माल्य टाकून वर मूठभर माती घातली.

झाले! वस्तीला वाटच सापडली. रोज परड्या फुलांनी भरून जात आणि कशाने तरी भरून परत येत. कुणी निर्माल्य आणी, कुणी चहाचा चोथा. डिसोझाबाई अंड्यांची टरफले बारीक कुटून आणत. हनीफभाईंच्या सुनेने झेंडूचे बी आणले. फुले खुडता खुडता काकांना जास्वंदीवर कापसासारखी पांढरी कीड दिसली, तर ते दुसऱ्या दिवशी साबणाचे पाणी घेऊन हजर. पोस्टात असताना तिकिटे चिकटवायचे त्याच निष्ठेने ते एकेक पान पुसत बसले. पाणी घालायला आता कुणाला बोलवावे लागत नव्हते.

हे सगळे शिष्येला दिसत होते, पण तिचे लक्ष फुलांकडे होते. फुले झाडावर राहतच नव्हती. उन्हे चढायच्या आत बाग बोडकी होई. पाहणीच्या आदल्या दिवशी ती गुरुजींना टाकून बोलली. "दोन वर्षं पोटच्या पोरासारखी वाढवली हो मी. तुम्ही महिन्याभरात लुटवलीत. उद्या साहेब येऊन काय बघणार? पानं?"

गुरुजींनी ऐकून घेतले. "रागव," ते म्हणाले, "तुझा हक्क आहे. पण कुलूप मागू नकोस."

रविवारी अधिकारी आले. मध्यमवयाचे, सभ्य, मोजके बोलणारे गृहस्थ. त्यांनी पायवाट पाहिली, माती हातात घेऊन चुरली, बकुळीच्या खोडावर हात ठेवला. मग कागद उलटून म्हणाले, "झाडं उत्तम आहेत. पण अर्जात तुम्ही फुलबाग लिहिलंय. फुलं कुठं आहेत?"

 शिष्येने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी खाली वाकून बकुळीची फुले वेचत होते, जणू त्यांचा या प्रश्नाशी काही संबंधच नव्हता.

"फुलं ना, साहेब?" मागून टिळेकरकाका पुढे आले. "आमच्या घरी आहेत. या, दाखवतो."

"आमच्याकडेही आहेत," डिसोझाबाई म्हणाल्या. "माझा मोगरा मशीनवर ठेवलाय, दोन पावलांवर दुकान आहे," हनीफभाई म्हणाले.

साहेब हसले आणि निघाले. चारही गल्ल्या हिंडले. टिळेकरांच्या देवघरात जास्वंद होती, डिसोझाबाईंच्या मेरीमातेपुढे कण्हेर होती. हनीफभाईंच्या शिलाई मशीनवर कपबशीत मोगरा होता. दवाखान्याच्या खिडकीत तगर होती, वाण्याच्या तराजूशेजारी बकुळ होती. खोड पुसणाऱ्या म्हातारीच्या अंबाड्यात गजरा होता, आणि तो दाखवताना ती लाजली. शिष्या साहेबांच्या मागून चालत होती. ज्या फुलांसाठी ती महिनाभर जळत होती, ती सगळी तिला एकेका दारात भेटत होती. तिसऱ्या गल्लीपासून तिने डोळे पुसायचे सोडून दिले.

निघताना काकांनी साहेबांच्या हातात बकुळीची परडी ठेवली. साहेब दचकले. "अहो, हे मला घेता येत नाही."

"लाच नव्हे, साहेब, बकुळ आहे," काका म्हणाले. "आणि परडी परत करायचीय बरं का."

आठवड्याने पालिकेचा शिपाई फाटकाशी आला. त्याच्या हातात तीच परडी होती आणि तीत घडी केलेला एक कागद होता. बाग कायम झाली होती. शिपाई म्हणाला, "साहेब बोलले, पत्र टपालानं जाणार होतं, पण परडी रिकामी कशी पाठवायची?"

वस्तीत पेढे वाटले गेले. गर्दी ओसरल्यावर शिष्या गुरुजींजवळ येऊन बसली. "गुरुजी, तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं?"

"फुलांचं नव्हतं. माणसांचं थोडं ठाऊक होतं," गुरुजी म्हणाले. "अगं, ज्याला फूल घ्यायला बंदी, त्याचा हात झारीकडे कसा जाईल? तू लोकांना फक्त द्यायला बोलावत होतीस. घाम द्या, वेळ द्या, आणि फुलं लांबून बघा. नुसतं देऊन माणूस थकतो. मास्तर चोरायचे, कारण घ्यायला दुसरी वाट नव्हती. चोरलेलं परत करायची रीत नाही आपल्यात. पण दिलेलं घेतलं, की भांडं रिकामं द्यायला आपल्याला लाज वाटते. ही लाज आपल्या आज्यांनी आपल्याला लावली आहे. मी फक्त तिला परडी दिली."

 शिष्या म्हणाली, "मी तुम्हाला नको ते बोलले."

"ते राहू दे. एक सांग, या दोन वर्षांत या बागेतली किती फुलं तुझ्या घरी गेली?"

ती आठवू लागली. सात पाट्या तिने स्वतः ठोकल्या होत्या, आणि सर्वांत काटेकोरपणे त्या तिनेच पाळल्या होत्या. तिच्या घरात एकही फूल गेले नव्हते.

गुरुजी सावकाश उठले. साहेबांकडून आलेल्या त्या परडीत त्यांनी बकुळीची फुले वेचून घातली आणि ती शिष्येच्या ओंजळीत ठेवली.

"उद्या आण," ते म्हणाले. "आणि काय आणायचं, ते मला विचारायचं नाही."