सक्तीचा रकाना

एकदा एक तरुण संगणक-अभियंता रागाने लाल होऊन आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला. सलग तिसऱ्या मुलाखतीत त्याला नकार मिळाला होता, आणि हातातली नोकरी महिनाअखेरीस सुटणार होती.

एका मोठ्या इस्पितळाच्या केसपेपर नोंदणीची प्रणाली त्याने बांधली होती. मुलाखतीत त्याबद्दल तो पाऊण तास घडाघडा बोलला होता. किती लाख नोंदी, किती सर्व्हर, कोणते तंत्रज्ञान, सारे त्याच्या जिभेवर होते. एवढे ऐकूनही समोरचा विचारतो, यात तुमचे चुकले काय? चुकायला मी काय नवशिका आहे, म्हणून तो तणतणत राहिला.

गुरुजींनी चपला घातल्या आणि त्याला त्याच इस्पितळात नेऊन केसपेपरच्या रांगेत उभे केले. तास गेला. चौथी मुलाखत परवावर आलेली असताना हा कसला पोरखेळ, म्हणून शिष्य आणखीच भडकला.

इतक्यात खिडकीपाशी आवाज चढला. कारकून एका म्हातारीकडे जन्मतारीख मागत होता. ती टाकल्याशिवाय संगणक पुढे सरकतच नाही, असे त्याचे म्हणणे होते.

“मी जन्मले तेव्हा घरात कुणाला लिहिता येत नव्हतं,” म्हातारी कडाडली. “माझ्या छातीत दुखतंय. ज्यानं हे करून ठेवलंय, त्याला आणा माझ्यापुढं.”

शिष्याची मान खाली गेली. तो रकाना सक्तीचा त्यानेच केला होता, दोन वर्षांपूर्वी, गार खोलीत बसून. या खिडकीपाशी तो आज प्रथमच आला होता.

“पाऊण तास तू बोललास ते हे काम,” गुरुजी म्हणाले. त्यांचाही स्वर तापला होता. “नोंदी लाखांनी मोजल्यास, माणूस एकही पाहिला नाहीस. चूक विचारणाऱ्याला तुझी फजिती करायची नव्हती. केलेल्या कामाकडे तू पुन्हा वळून पाहतोस का, एवढंच त्याला हवं होतं.”

शिष्य खिडकीपाशी गेला. “आजी, ते मीच केलंय,” तो म्हणाला. रांगेने त्याला हवे तेवढे सुनावले, आणि ते रास्तच होते. कारकुनाने हाताने केसपेपर लिहून म्हातारीला आत पाठवले. शिष्याने तिथल्याच बाकावर लॅपटॉप उघडला. तारखेऐवजी अंदाजे वय चालावे, हा बदल करायला वीस मिनिटे लागली.

चौथ्या मुलाखतीत मागच्या कामाबद्दल विचारले, तेव्हा त्याने आधी त्या म्हातारीची आणि सक्तीच्या रकान्याची हकीकत सांगितली.

“दोन वर्षांत त्या खिडकीवरून किती माणसं परत गेली, हे मला सांगता येणार नाही,” तो म्हणाला. “त्याची नोंद ठेवायचं मला सुचलंच नाही.”