सुकलालची गळकी जीप

“पण सील नवं, बसवणारा मी. मग तेल गळतं कसं?”

“दोघांपैकी एक वाईट असणार,” गफूरउस्ताद म्हणाले.

“सील अस्सल आहे उस्ताद. खोकं दाखवतो.”

“मग राहिला कोण?”

सुकलालनं खोक्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. 

शहाद्याबाहेर चिंचेखाली गफूरउस्तादांचं गॅरेज. सुकलाल इथंच शिकला आणि वर सातपुड्यात, धडगावला, स्वतःचं दुकान घालून बसला. दुकान एका जीपपुरतं, पाटी दोन जिपांएवढी. पाटीवर लिहिलं होतं, ‘फोर बाय फोरचे एकमेव तज्ज्ञ’. त्या भागात दुसरा कोणी नव्हता, म्हणून पाटीला खोटं म्हणता येत नव्हतं.

समोर उभी होती ती दित्या पावराची जीप. चारही चाकं ओढणारी, उतारू भरून नदीतून पलीकडच्या पाड्यांवर जाणारी. तिच्या मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्याच्या आत दात्यांची चाकं तेलात फिरतात, तो डिफरन्शियल गळत होता. सुकलालनं चाकाकडं तेल जाऊ न देणारं रबरी कडं, म्हणजे सील, बदललं. गळलं. पुन्हा बदललं. पुन्हा गळलं.

“काल घाटात...” सुकलाल म्हणाला आणि थांबला.

उस्तादांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

“तेल चाकात उतरलं. ब्रेक भिजले. जीप भरलेली होती, उस्ताद. बायाबापड्या, पोरं. दित्यानं दरडीला घासून थांबवली. कुणाला लागलं नाही.”

“नशीब.”

“नशिबावर दुकान चालत नाही. सुरतेला एका शोरूमात बोलावलंय मला. आज हे सुटलं नाही, तर शटर ओढतो आणि जातो.”

 उस्ताद जीपखाली सरकले आणि आसावर हात ठेवला.

“तापलाय.”

“रिकामी जीप पहिल्या गिअरवर घाट उतरवून आणलीय. तापणारच. गार होऊ द्या, मग खोलू.”

“गार झाल्यावर तो बोलत नाही.”

उस्तादांचा हात आसाच्या वरच्या अंगानं चाचपत गेला. एका जागी थांबला.

“इथं एक बारकी टोपी असते.”

“ब्रीदर? तो मी काढला!” सुकलालचा आवाज एकदम पाटीएवढा झाला. “नदीत शिरलं की त्यातूनच पाणी आत जायचं. तेलाचं पार ताक व्हायचं. त्या भोकात बोल्ट पिळला आणि वरून लुकण भरलं. थेंब जाईल तर नाव बदलेन. दित्या म्हणाला, हे शोरूमवाल्यांनाही सुचलं नसतं.”

“खरंय,” उस्ताद जीपखालून म्हणाले. “त्यांना नसतंच सुचलं.”

ते बाहेर आले. सुकलालनं पाना पुढे केला. उस्तादांनी तो घेतला नाही.

“मी नाही. तू सोड.”

सुकलाल खाली शिरला. लुकण खरवडलं. बोल्टला पाना लावला, जरासा फिरवला.

फुस्स...

मग मोठ्यानं, लांबच लांब. जळक्या तेलाचा वास त्याच्या तोंडावर आला. त्यानं डोळे मिटले. आवाज बारीक होत होत थांबला.



चाकाच्या आतल्या बाजूनं तेलाचा एक ओघळ उतरत होता. तो बारीक झाला... आणि तुटला.

“ऐकलंस?” उस्तादांनी विचारलं.

“आत हवा तापत होती...” जीपखालून आवाज आला, आता बराच लहान. “तिला जायला जागा नव्हती. म्हणून ती सीलमधून तेल ढकलत होती. मी नवं सील घालायचो, ती तेही फोडायची.”

“बिचारी दुसरं काय करणार? दारं तू लावलेली.”

सुकलाल बाहेर आला. कपाळाला काळं लागलं होतं.

“पण उस्ताद, भोक उघडं ठेवलं की नदीचं पाणी आत. बंद केलं की तेल बाहेर. माणसानं करायचं काय?”

उस्ताद आत गेले. रबरी नळीचा तीन हात लांब तुकडा आणून त्याच्या मांडीवर टाकला आणि चिंचेखाली जाऊन बसले.

सुकलालनं नळीकडे पाहिलं. आसाकडे पाहिलं. मग मागच्या दिव्याच्या वर, जिथवर नदीचं पाणी कधी पोचलं नव्हतं तिथं, बराच वेळ पाहत राहिला.

“हं,” तो स्वतःशीच म्हणाला.

नळीचं एक टोक त्यानं भोकावर बसवलं. दुसरं उंच नेऊन दिव्यामागे बांधलं, तोंड खाली वळवून. मग नवं सील घातलं, ब्रेक धुऊन कोरडे केले. उस्ताद बघत होते. चांगलं म्हणाले नाहीत. तो स्पेअर पार्ट त्यांच्या गॅरेजात कधीच मिळत नसे.

सुकलाल जीप घेऊन घाटाच्या पहिल्या वळणांवर चढून आला. परत आल्यावर तापलेल्या चाकामागून बोट फिरवलं. कोरडं. त्यानं दुसरं बोट फिरवलं. पहिल्यावर त्याचा विश्वास नव्हता.

“उस्ताद, माझं नेमकं चुकलं कुठं? मी तर सगळं घट्ट बसवलं होतं.”

“तेच म्हणतोय मी.”

सुकलाल हसला. सकाळपासून पहिल्यांदा. मग पुन्हा चाकाकडे बघितलं आणि हसू अर्ध्यावर राहिलं.

“आता नाही ना गळणार?”

“गळेल की. आज इथून नाही, उद्या दुसरीकडून.”

“मग मी दुकान कशाच्या जोरावर चालवू?”

गफूरउस्तादांनी हात पुसून फडकं त्याच्या खांद्यावर टाकलं.

“गळतीच्याच.”