अध्यक्षांची बाही

साताऱ्यातल्या एका सोसायटीचे अध्यक्ष रंगराव धुमाळ यांनी बैठकीत हुकूम काढला. गावाला जाताना प्रत्येक कुटुंबाने सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळवायचं: कोण जाणार, कुठे जाणार, कधी परतणार. जो कळवणार नाही, त्याची गाडी गेटच्या आत येणार नाही.

तळमजल्यावरच्या शरयूताई ताम्हनकर म्हणाल्या, "साहेब, ग्रुपवर दोनशे माणसं आहेत. त्यातल्या निम्म्यांना आपण ओळखतही नाही."

"आमचं बघा!" अध्यक्ष छाती फुगवून म्हणाले. "आम्ही कालच टाकलं. आमच्याकडे लपवाछपवी नाही!"

"हो का?" म्हणत शरयूताई उठल्या आणि गेटबाहेरच्या सूचनाफळ्यावर त्यांनी अध्यक्षांचा मेसेज खडूने ठळक लिहून काढला: 'धुमाळ कुटुंब शनिवारी गणपतीपुळ्याला. घर तीन दिवस बंद. नात ऊर्वीचा सहावा वाढदिवस तिथेच!'

रस्त्यावरचा भाजीवाला वाचून ओरडला, "साहेब, म्हणजे शनिवारी मेथी नको ना?"

अध्यक्ष अनवाणीच धावत आले. डस्टर सापडेना, म्हणून कोऱ्या सदऱ्याच्या बाहीनेच फळा पुसू लागले.

"अहो, काय हे! येणारा-जाणारा कुणीही वाचेल! चोराला आमंत्रणच की!"

शरयूताई शांतपणे म्हणाल्या, "फळ्यावरचं बाहीने पुसलंत. दोनशे मोबाइलमधलं कशाने पुसणार?"

हुकूम त्याच संध्याकाळी मागे घेतला गेला. शनिवारी बाकीचे धुमाळ गणपतीपुळ्याला गेले, आणि अध्यक्ष घर राखत बसले.